निघण्याची खोली

पेडणेकर काकांनी घरी आलेल्या माणसाला "चहा घेणार का?" असं विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते सरळ चहा आणून ठेवायचे. विचारलं की माणूस "नको" म्हणतो, आणि आपल्याकडच्या "नको"चे अर्थ लावत बसायला या वयात वेळ नाही, असं त्यांचं म्हणणं. एक "नको" म्हणजे हो, दुसरं म्हणजे अर्धा कप, आणि तिसरं म्हणजे खरोखरच नको. पण हे तिसरं आपण डोंबिवलीत अजून ऐकलेलं नाही, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. त्यांचा चेहरा नेहमीच गंभीर असायचा. ते विनोद करतायत की माहिती देतायत हे ओळखायला मला काही वर्षं लागली, आणि तरी शेवटपर्यंत माझी खात्री नव्हती.

मानपाड्याला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. रंग बनवायला नव्हे, तक्रारी ऐकायला. कॅटलॉगमध्ये बघून पसंत केलेला मोतिया रंग भिंतीवर पिवळा दिसतोय, अशी कुणी तक्रार केली की कंपनी काकांना त्या घरी पाठवायची. काका जायचे, बूट बाहेर काढायचे, भिंतीला हाताची मागची बाजू लावायचे, जणू तिला ताप आहे, आणि म्हणायचे, "आठ दिवस बसू दे." मग परत यायचे. आठ दिवसांनी रंग तोच असायचा, पण घरच्यांना त्याची सवय झालेली असायची. एवढ्या भांडवलावर माणूस रिटायर होईपर्यंत नोकरी करू शकतो याचं मला फार कौतुक वाटायचं. सोसायटीत पाण्याची वेळ बदलली, माझ्या सासूबाई गावाहून राहायला आल्या, माझी बदली ठाण्याच्या शाखेत झाली, तरी काकांचा सल्ला हाच. आठ दिवस बसू दे.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. तिसरा मजला शेवटचा, म्हणून त्यांच्या फ्लॅटला जोडून मोठी टेरेस होती, आणि तिच्यावरून बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांच्या पोटात दुखायचं. काका घरात फारसं बोलायचे नाहीत, कारण बोलायचं काम शैलाकाकूंकडे होतं. काकू कोथिंबीर आणायला खाली उतरल्या की तासाभराने वर यायच्या, बऱ्याचदा कोथिंबिरीशिवाय. भाजीवाल्याची मुलगी दहावीला कुठल्या विषयात अडकली आहे आणि मेडिकलवाल्याची आई गावाहून कधी येणार, हे त्यांना तोंडपाठ असायचं. येताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. दम लागतो म्हणून, असं त्या सांगायच्या.

एके सकाळी ओट्याजवळ उभ्या असताना काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी वाचवलं, व्यायाम करून त्या काठी धरून घरातल्या घरात चालायलाही लागल्या, पण तीन मजले उतरणं संपलं. आणि बोलण्याचं विचित्रच झालं. शब्द सगळे शाबूत होते. फक्त उशिरा यायचे.

लोक भेटायला यायचे. आमची सोसायटी याबाबतीत चोख आहे. पाहुणा हॉलमध्ये सोफ्यावर बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचा आणि जरा मोठ्याने विचारायचा, "काय काकू, जेवण जातंय का आता?" काकू उत्तर आणायला निघायच्या. तेवढ्यात पाहुणा "जाईल, जाईल हळूहळू" असं स्वतःच म्हणून फिजिओथेरपीच्या विषयावर पोचलेला असायचा. काकूंचं "आमटीभात जातो" बाहेर यायचं तेव्हा तिथे त्याचं कुणाला काही काम नसायचं. मग पाहुणा काकांकडे बघून मान हलवायचा. काकूंना कळत नाही, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. काकूंना सगळं कळत होतं. मान हलवलेलीही.

त्या दिवसांत काका एकदा भाजी घेऊन वर जाताना आमच्या दाराशी थांबले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माधुरी, माझं हृदय निम्म्याच ताकदीने चाललंय म्हणे. म्हणजे मी आधी जाणार. तसं ठरल्यासारखंच आहे."

"काका, असं काय बोलता."

"अगं, तक्रार नाही करत. माझं काही अडत नाही. नितीन तिचं खाणं, औषध सगळं बघेल, पोरगा चांगला आहे. पण तिच्याशी बोलणार कोण? आत्ता लोक येतात ते माझ्याशी बोलतात. तिच्याकडे बघतात आणि माझ्याशी बोलतात. मी गेलो की तेही येणार नाहीत. मी असेपर्यंत तिला तिची माणसं मिळायला पाहिजेत."

उद्या टाकी धुणार आहेत, हे सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं आणि पिशवी उचलून वर गेले. मी दार लावून घेतलं आणि डोळे पुसले. त्यांना ते दिसलं असतं तर त्यांनी आठ दिवस थांबायला सांगितलं असतं.

काचेच्या खोलीचा शोध त्यांना मोबाईलवर लागला. नितीन त्यांचा मुलगा. तो घोडबंदर रोडला राहायचा आणि आयटीत होता. त्याने दिलेल्या फोनवर काका संध्याकाळी काहीबाही बघायचे. त्यात कुठल्याशा थंड देशातली एक बाई, घराला जोडलेली काचेची खोली उबदार आणि आपलीशी कशी करावी, ते समजावून सांगत होती. काकांनी मला मुद्दाम वर बोलावून तो व्हिडिओ दाखवला. बाईने स्वेटर घातला होता. तिने खुर्चीवर लोकरीची शाल टाकली, जमिनीवर जाड गालिचा अंथरला, पिवळा दिवा लावला, तिपाईवर मेणबत्त्या मांडल्या. मग तिच्या मैत्रिणी आल्या आणि हसत बसल्या.

"लोक येतात आणि बसतात, असं दिसतंय," काका म्हणाले.

"काका, तिकडे बर्फ पडतो."

"बर्फाचं ती काही बोलली नाही."

फॅब्रिकेटरने टेरेसला तिन्ही बाजूंनी स्लायडिंगच्या काचा लावल्या, वर पॉलिकार्बोनेटचं छत घातलं आणि जाताना सांगितलं की काका, यात एसी टाकावा लागेल. बाईने एसी सांगितला नव्हता, म्हणून काकांनी टाकला नाही. त्यांनी वेताच्या खुर्च्या आणल्या, त्यांवर सोलापुरी चादरी घातल्या, गालिचा अंथरला, पिवळा दिवा लावला. एप्रिलमध्ये खोली तयार झाली. एका दुपारी मी बघायला गेले, तर तिपाईवरच्या मेणबत्त्या एकदाही न पेटवता कमरेतून वाकल्या होत्या. काका घामाने निथळत मधोमध उभे होते.

"उबदार झाली आहे," ते म्हणाले. "आपलीशी व्हायची आहे अजून."

काकू दारातल्या सावलीत बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आम्ही दोघं थांबलो, आणि बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भट्टी."

मे महिना काकांनी खोली थंड करण्यात घालवला. छताला वरून पांढरा रंग मारला, काचांना चिकाचे पडदे लावले, एक्झॉस्ट बसवला, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. कुंड्यांमध्ये गवती चहा आणि मनी प्लांट लावले. व्हिडिओतल्या बाईचं बघून आणलेलं नाजूक झाड दोन दिवसांत वारलं होतं. पावसाळा सुरू झाला तोवर खोली खरंच छान झाली. संध्याकाळी तिथे वारा यायचा, खालचा रस्ता दिसायचा, आणि गवती चहाचा वास दरवळायचा.

पण तिथे कुणी बसेना. लोक यायचे, बघायचे, "एकदम रिसॉर्ट केलंय हं काका" म्हणायचे, काचेला पाठ लावून फोटो काढायचे आणि परत हॉलमध्ये येऊन टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसायचे. आपल्याकडे पाहुण्याने कुठे बसायचं असतं हे पाहुण्याला कुणी शिकवावं लागत नाही. काका त्यांना "आत बसू या ना" म्हणायचे. "नको, इथेच बरंय" असं उत्तर यायचं. डोंबिवलीतलं तिसरं "नको" काकांनी बहुतेक तेव्हाच ऐकलं.

त्या खोलीचा उपयोग पहिल्या मजल्यावरच्या जोशी वहिनींना सगळ्यात आधी कळला. कबुतरं नाहीत, कारखान्याची धूळ नाही, ऊन भरपूर. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कुरडया वर आणल्या. काका खूश झाले. निदान वाळत घालायला आणि उलटायला बाई रोज दोनदा वर येईल. वहिनी यायच्या, कुरडया उलटायच्या, "येते हं काकू" म्हणायच्या आणि सुटायच्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे सांडगे आले, तळमजल्यावरच्या मिरच्या आल्या. काकू या सगळ्याच्या मधोमध वेताच्या खुर्चीत बसून राखण करायच्या आणि मिरच्यांनी शिंकायच्या.

"माणसं नाही आली," काका मला म्हणाले. "त्यांची वाळवणं आली."

हे बोलताना त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण त्यांनी आठ दिवस बसू द्यायचं सुचवलं नाही, त्यावरून मला काय ते समजलं. त्यांचा धीर सुटत चालला होता.

मग ती संध्याकाळ आली. जोशी वहिनी आणि सोसायटीचे सेक्रेटरी घाडगे, दोघं काकूंची चौकशी करायला आले होते. मीही होते. रीतीप्रमाणे दहा मिनिटं झाली. गोळ्या कुठल्या, झोप लागते का, बीपी किती. मग दोघं "चला, निघतो" म्हणून उठले, काका त्यांना सोडायला दाराशी गेले, आणि मी काकूंजवळ हॉलमध्ये राहिले. बाहेर चपला घालता घालता वहिनींनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. घाडग्यांनी त्यात भर घातली. कुणीतरी "चला" म्हणालं. पुन्हा गोष्ट सुरू झाली. मग हसणं ऐकू आलं, घाडगे हसत होते, म्हणजे गोष्ट चांगलीच असणार. काकूंची मान दाराकडे वळली होती. हा प्रकार अर्धा तास तरी चालला असेल. काका आत आले आणि रिकामे कप उचलायला लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "मला... दारात... बसवा."

"दारात?" काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा वेळ घेतला. "तिथे... बोलतात."

काका कप हातात धरून उभेच राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकूंची खुर्ची दारात नेली. ते फसलं. आमच्या जिन्यातली जागा जेमतेम दोन माणसांची. खुर्चीने दार अडलं, वर येणाऱ्याला काकूंना वळसा घालून आत शिरावं लागायचं, आणि निघणारा माणूस त्यांच्या अंगावरून वाकून चपला शोधायचा. अशा अवस्थेत कुणी गप्पा मारत नाही. पण काकांनी हार मानली नाही, कारण आता त्यांना तक्रार नेमकी समजली होती, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढचे काही दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सोडायला दाराशी गेले, स्वतः काही न बोलता उभे राहिले आणि नुसतं बघत राहिले. मग एके दिवशी मला निष्कर्ष सांगितला.

"आत बसलेला माणूस आपली विचारपूस करतो. चपला घातल्या की स्वतःचं सांगतो. आणि एक बघ, माणूस 'चला' म्हणतो आणि थांबतो. मग परत 'चला' म्हणतो. त्या दोन 'चला'च्या मध्ये कुणीच काही बोलत नाही. तेवढी जागा शैलाला पुरते."

टेरेस आणि जिना यांच्यामध्ये सिमेंटच्या जाळीची एक भिंत होती, नुसती हवेसाठी. ती काढून तिथे दार करायचं, म्हणजे माणसं काचेच्या खोलीतून आत येतील आणि काचेच्या खोलीतूनच बाहेर जातील, असं काकांनी ठरवलं. सोसायटीला अर्ज केला. मीटिंगमध्ये घाडग्यांनी हरकत घेतली की उद्या प्रत्येक जण भिंती फोडेल. कुणी वास्तुशास्त्र काढलं. कुणी म्हणालं, जुनं दार चांगलं चालतंय ना. काका प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेऊन "बरोबर आहे" म्हणायचे आणि खाली बसायचे. शेवटी कमिटीने जागेची पाहणी करायचं ठरवलं.

पाहणीला सगळी कमिटी आली, हॉलमध्ये बसली, दहा मिनिटांत "जमणार नाही" असं सांगून उठली आणि चपला घालायला जिन्यात गेली. तिथे त्यांनी चपला घातल्या. मग टाकीच्या गळतीवर बोलणं झालं, मग तळमजल्यावरच्या भाडेकरूंवर, मग घाडग्यांच्या मुलीला आलेल्या कल्याणच्या स्थळावर, जे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी जिन्यातच सगळ्यांना चहा आणून दिला. सगळ्यांनी तो उभ्याने प्यायला.

"घाडगे," कप गोळा करताना काका म्हणाले, "मगाचपासून इथे तुम्ही जे करताय ना, तेवढ्यासाठीच मला दार पाहिजे. शैलाला हे सगळं आतून ऐकू येतं, पण नीट नाही येत."

घाडग्यांनी आत बघितलं. काकू हॉलमध्ये खुर्चीच्या कडेला येऊन, दाराकडे झुकून बसल्या होत्या. घाडगे पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "जाळीच आहे, पिलर थोडीच आहे." तीच परवानगी.

दार झालं. जुन्या दाराला आतून कपाट लावलं. काचेच्या खोलीत नव्या दाराशी चपलांचा स्टँड आला, छत्र्या अडकवायला खुंट्या आल्या, आणि एक आरसा, कारण निघताना बायका केस सारखे करतात आणि त्यात वेळ जातो. स्टँडच्या शेजारी काकूंची खुर्ची. इतर वेताच्या खुर्च्याही काकांनी आधी तिथेच ठेवल्या होत्या, पण दोन-तीन दिवसांत उचलल्या. खुर्ची दिसली की लोक तिच्यात बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि बीपी विचारायचे. मग काकांनी सुताराकडून कमरेएवढ्या उंचीचा लांब कट्टा करून घेतला, ज्यावर नीट बसता येत नाही, नुसतं टेकता येतं.

"खुर्चीत बसला की तो पाहुणा होतो," त्यांनी मला समजावलं. "कट्ट्याला टेकलेला माणूस निघालेला असतो. निघालेल्या माणसाला घाई नसते."

आणि झालं तसंच. लोक हॉलमध्ये दहा मिनिटं पाहुण्यासारखे बसायचे आणि मग निघायच्या खोलीत येऊन पाऊण तास निघायचे. हे नाव आमच्या बिल्डिंगनेच दिलं. व्हिडिओतल्या बाईने सांगितलेलं तिथे आता काही उरलं नव्हतं. विखुरलेल्या चपला होत्या, ओल्या छत्र्या होत्या, कुणाची तरी विसरलेली दुधाची पिशवी होती. तिथे शिरलं की पाय निघत नसे.

काकू पहिल्यांदा बोलल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. जोशी वहिनी कट्ट्याला टेकून, एक चप्पल घालून, कोपरला राहणाऱ्या त्यांच्या नणंदेविषयी सांगत होत्या.

"ती आली की पहिला फ्रिज उघडते. म्हणजे पाणी नको, बसणं नको, डायरेक्ट फ्रिज. आणि मग मला सांगते, वहिनी, हे दही फेकून दे. चला."

त्या थांबल्या. आरशात बघून टिकली नीट केली.

"आता रविवारी परत येतेय म्हणे. चला, कुकर लावायचाय मला." त्यांनी वाकून दुसरी चप्पल शोधायला सुरुवात केली. खोलीत कुणीच काही बोलत नव्हतं.

"कुलूप... लाव," काकू म्हणाल्या.

"कशाला, काकू?"

पुन्हा थोडा वेळ गेला. चप्पल सापडली होती, पण वहिनींनी ती हातातच धरली होती.

"फ्रिजला."

जोशी वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी पायातली चप्पलही काढली आणि पुन्हा कट्ट्याला टेकल्या. मग रविवारची सगळी आखणी तिथेच झाली, कुलपासकट. काका दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला तीनदा चहा आणून दिला, आणि तिसऱ्या वेळी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "तिने हसवलं ना? मी बरोबर ऐकलं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. इतका आनंदलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

त्यानंतर काकूंचं बोलणं काही वेगाने व्हायला लागलं नाही. लोक थांबायला शिकले. घाडगे तर मुद्दाम दोनदा "चला" म्हणून काकूंकडे बघत उभे राहायचे. मुलीचं स्थळ ठरवताना त्यांनी मुलाविषयी काकूंचं मत घेतलं. ते यायला बराच वेळ लागला आणि ते एकाच शब्दाचं होतं, पण घाडग्यांनी ते मानलं. बिल्डिंगमधल्या बायका काका बाजारात गेलेले असतानाही वर येऊ लागल्या. काका जिन्यात भेटले की मला हळूच सांगायचे, "आज मी नव्हतो, तरी येऊन गेली." त्यांना आता तेवढंच हवं होतं.

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे पांगले. जोशी वहिनी बदलापूरला, आम्ही ठाण्याला, आणि काका-काकू नितीनकडे, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. तिथे काचेची खोली बिल्डरनेच करून दिली होती, खाली खाडी आणि हिरवे डोंगर, उत्तम वारा. पण फ्लॅटकडे येणाऱ्याने आधी गेटवर नाव सांगायचं, मग वर फोनवर विचारणा, मग परवानगी. मजल्यावरची सगळी दारं बंद. सगळे सकाळी निघायचे आणि ट्रॅफिकमधून सुटले तर संध्याकाळी परत यायचे.

"इथे निघायला कुणी येतच नाही," काका फोनवर म्हणाले. काकू आता दिवसात फार तर चार शब्द बोलायच्या, तेही औषधांविषयी. नितीन आणि सूनबाई जीव लावायची, पण ती दोघं दमून यायची आणि उत्तराची वाट बघण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसायचा. काकांचा आवाजही खोल गेला होता. दोन वाक्यांत त्यांना दम लागायचा. मला त्यांचीही काळजी वाटत होती, पण ते त्या विषयावर येऊ द्यायचे नाहीत.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेत गेले, कुणाला तसदी न देता. फुलं घातलेले काका मी पाहिले नाहीत, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्याच्या आधी काही महिने, शनिवारच्या एका संध्याकाळी पाहिलेले.

मी न कळवता गेले होते. त्यांच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोरच, लिफ्टच्या लॉबीत, काकू बसल्या होत्या. वेताची खुर्ची, गुडघ्यांवर चादर, बाजूला काठी. त्यांच्याजवळ भिंतीला टेकून एक तरुण मुलगी उभी होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात स्कूटरची किल्ली. कुठेतरी निघालेली होती. काकूंनी मला बघितलं, डाव्या हाताने घराच्या दाराकडे दाखवलं, आणि परत त्या मुलीकडे वळल्या. मला रागच आला जरासा. मुद्दाम त्यांना भेटायला आले होते.

दार लोटलेलं होतं. आत, दाराच्या मागेच, काका स्टुलावर बसले होते. खूप वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटली होती. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला शेजारच्या खुर्चीत बसायची खूण केली.

"तुम्ही बाहेर का नाही बसत त्यांच्याबरोबर?" मी हळू आवाजात विचारलं.

"बसायचो. पहिला महिना बसलो. मी असलो की माझ्याशी बोलतात." त्यांनी दम घेतला. "इथे लिफ्टला फार वेळ लागतो गं. एक नेहमी बंद, एक सामानाची. माणसाला थांबावंच लागतं. सुरुवातीला मोबाईल बघायचे. सिक्युरिटीवाला पण येऊन गेला, रस्ता अडतो म्हणून. त्याला म्हटलं, बरोबर आहे. आता तो पण थांबतो."

"आणि तुम्ही इथे रोज असे बसता?"

"रोज संध्याकाळी."

"करता काय बसून?"

"सवय करतोय," काका म्हणाले.

"कसली?"

"मी नसण्याची. मला नव्हे, बाहेरच्या माणसांना."

मी त्यांचा हात धरला. थंडगार होता. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण लक्ष त्यांचं बाहेर होतं.

बाहेर ती मुलगी तिच्या बॉसविषयी काहीतरी सांगत होती. मग टिंग वाजलं. लिफ्ट आली होती. दारं सरकल्याचा आवाज आला, लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईने मजल्याचा नंबर सांगितला. काकांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि श्वास धरून बसले.

"सांगा ना आजी," त्या मुलीचा आवाज आला. "मी थांबलेय."

लिफ्टची दारं मिटली. ती खाली जाताना तारांचा आवाज आम्हाला भिंतीतून ऐकू आला.

"रिकामी गेली," काका म्हणाले.